निघाले, पण गेले नाहीत

इंदूरच्या पूर्वेला खजरान्याच्या गणपतीसमोर बुधवारी आणि सणावारी नव्या गाड्यांची रांग लागते. सीटवरचे प्लास्टिक अजून निघालेले नसते. पुढच्या काचेखाली झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, स्टिअरिंगला लाल धागा आणि चाकांखाली लिंबे. पुजारी मंत्र म्हणतो, नारळ फुटतो, मालक किल्ली फिरवतो. गाडी जेमतेम चार हात पुढे सरकते, लिंबे चिरडली जातात आणि गाडी लगेच थांबते. मग सगळे उतरतात, पेढे वाटतात, फोटो काढतात, कुणाला तरी फोन लावतात. शोरूमपासून इथवर गाडी काही किलोमीटर आलेलीच असते, तरी तिचा पहिला प्रवास मोजला जातो तो या चार हातांचा. पाहणाऱ्याला हा देखावा भाबडा वाटेल, किंवा नुसती हौस. पण त्याच्या मागे एक जुना आणि विचारपूर्वक घडलेला रिवाज आहे, त्याला आपल्याकडे प्रस्थान ठेवणे म्हणत. त्यात माणूस मुहूर्तावर निघायचा आणि निघाल्यावर मुद्दाम थांबायचा. प्रस्थान म्हटले की आपल्याला मुहूर्तच आठवतो. माझे म्हणणे असे, की मुहूर्त हे त्याचे निमित्त होते आणि थांबणे हा त्याचा गाभा.

खजराना आज महापालिकेच्या हद्दीत आहे, रिंग रोड त्याच्या अंगावरून जातो. पण होळकरांच्या काळात ते इंदूरबाहेरचे खेडे होते. गणपतीच्या देवळाइतकाच नाहरशाह वलींचा दर्गाही या वस्तीची ओळख आहे. देवळाची कथा सगळ्या इंदूरला पाठ आहे: औरंगजेबाच्या भीतीने विहिरीत लपवलेली मूर्ती, पुजाऱ्याला पडलेले स्वप्न, अहिल्याबाईंनी ती वर काढून बांधलेले देऊळ, आणि साल 1735. यातले साल आणि नाव एकत्र नांदू शकत नाहीत. अहिल्याबाईंचा जन्म 1725चा, म्हणजे त्या साली त्या दहा वर्षांच्या होत्या. दौलतीचा कारभार त्यांच्या हाती आला तो 1767मध्ये. तेव्हा एक तर साल मागे ओढले गेले आहे, किंवा मल्हाररावांच्या काळातले काम पुढे सुनेच्या नावावर चढले आहे. अहिल्याबाईंच्या नावावर चढणाऱ्या देवळांची माळव्यात काही कमतरता नाही. आपल्या विषयाला महत्त्व आहे ते जागेचे. गावाबाहेरचे देऊळ, आणि तेही गणपतीचे, ही प्रस्थान ठेवण्याची ठरलेली जागा. लग्नाची पहिली पत्रिका आजही इंदूरची घरे खजरान्यालाच नेऊन ठेवतात.

रिवाज असा होता. लांबचा प्रवास ठरला की जोशी दिवस काढून देई. त्यात वार, नक्षत्र, चंद्रबळ, दिशाशूळ असे सगळे बघावे लागे. सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला जायचे नाही, मंगळवारी आणि बुधवारी उत्तरेला नाही, गुरुवारी दक्षिणेला नाही, रविवारी आणि शुक्रवारी पश्चिमेला नाही. इतक्या चाळण्यांतून एखादी वेळ खाली पडे, आणि नेमके त्या वेळी निघणे जमत नसे. बैल आलेला नाही, सोबतीचा माणूस आजारी आहे, हुंडी वटलेली नाही. अशा वेळी एखाद्या नव्या फडक्यात सुपारी, हळकुंड, अक्षता आणि एखादे नाणे बांधून ते गाठोडे त्या मुहूर्तावर जायच्या दिशेच्या शेजाऱ्याकडे किंवा देवळात नेऊन ठेवत. काही जण अंगावरचे वस्त्र ठेवत. मग पुढच्या दिवसांत सोय होईल तेव्हा निघायचे आणि वाटेत ते गाठोडे उचलायचे. शास्त्राच्या हिशेबाने प्रवास मुहूर्तावरच सुरू झालेला असे.

हा काही बायाबापड्यांनी काढलेला पळवाटीचा मार्ग नव्हता. काशीच्या राम दैवज्ञाने 1600 साली लिहिलेला ‘मुहूर्तचिंतामणि’ हा ग्रंथ देशभरच्या जोश्यांच्या हाताशी असे. त्यातल्या यात्राप्रकरणात प्रस्थानाचे नियम दिले आहेत. कोणत्या वर्णाने काय ठेवावे तेही सांगितले आहे: ब्राह्मणाने जानवे, क्षत्रियाने शस्त्र, वैश्याने मध, शूद्राने फळ. घराबाहेर किती दूर गेले म्हणजे प्रस्थान झाले, यावर जुन्या ऋषींच्या नावाने वेगवेगळी मते नोंदवली आहेत. एका घरातून दुसऱ्या घरात गेले तरी पुरे, असे एक मत. गावाची शीव ओलांडली पाहिजे, असे दुसरे. बाण जाईल इतके अंतर हवे, असे तिसरे. नगराबाहेर पडले पाहिजे, असे चौथे. या मतभेदांपेक्षा पुढचा नियम मला जास्त बोलका वाटतो. प्रस्थान ठेवून राजाने एका जागी दहा दिवसांहून अधिक राहू नये, मांडलिकाने सात, इतरांनी पाच.

या आकड्यांकडे नीट पाहिले की रिवाजाचा हेतू उघडा पडतो. ग्रहांच्या दृष्टीने पाहिले तर मुहूर्त राजाला आणि रंकाला एकच असायला हवा. मग थांबायची मुदत वेगळी का? कारण राजाच्या बाडबिस्तऱ्याला निघायला दहा दिवस लागतात आणि एकट्यादुकट्याला पाच पुरतात. हे दिवस मोजणारा माणूस आकाशाकडे पाहून मोजत नव्हता, तो उंट, तंबू आणि धान्याची पोती मोजत होता. शिवाय मुदत ओलांडली तर प्रस्थान फुकट जाते, म्हणजे पुन्हा दिवस काढा, पुन्हा ठेवा. निघणे लांबवायची मुभा आणि लांबवण्याला लगाम, या दोन्ही गोष्टी एकाच नियमात बसवल्या आहेत. मुहूर्त हे बंधन आहे असे आपण समजतो. प्रस्थानाने ते बंधन एका गाठोड्याच्या गळ्यात घातले आणि माणसाला सोडवले. पण सोडवताना त्याच्याभोवती पाच दिवसांची दुसरी दोरी बांधली, जी खरोखर उपयोगाची होती.

हे नुसते ग्रंथातले राहिले नाही याचा सर्वांत चांगला पुरावा एका परक्या आणि ज्योतिषाची टिंगल करणाऱ्या माणसाने ठेवला आहे, म्हणून तो विशेष भरवशाचा. फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए औरंगजेबाच्या दरबारात होता आणि बादशहाच्या काश्मीरच्या स्वारीबरोबर तो गेला. त्याने पत्रात लिहून ठेवले आहे, की बादशहा 6 डिसेंबर 1664 रोजी दुपारी तीन वाजता दिल्लीहून निघाला, कारण दिल्लीच्या ज्योतिष्यांनी लांबच्या प्रवासाला ती वेळ शुभ ठरवली होती. निघाला आणि शहरापासून दोन कोसांवरच्या शालिमार बागेत जाऊन उतरला. तिथे तो सहा दिवस राहिला. का? तर दीड वर्षाच्या स्वारीची तयारी करायला लोकांना वेळ मिळावा म्हणून. बर्निए पुढे पेशखान्याचेही वर्णन करतो. बादशहासाठी तंबूंचे दोन पूर्ण संच असत; एकात तो राहत असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा होत असे. एकेका संचाला साठाच्या वर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत. एवढा डोलारा पहाटेच्या एका हाकेवर हलणे शक्यच नव्हते. बादशहा बागेत जाऊन बसला म्हणजे दिल्लीतल्या प्रत्येक उमरावाला, सराफाला आणि भटारखान्याला कळे, की आता मागे फिरणे नाही. ज्याच्या गाडीचे चाक मोडले होते त्याला ते दुरुस्त करायला सहा दिवस होते. ज्याला अजून मन करवत नव्हते त्याला ते करण्यासाठीही तेवढेच. आणि मूर्तिपूजेविरुद्ध कडवा म्हणून ओळखला जाणारा हा बादशहा रिवाजापुरता अगदी राजाला सांगितलेल्या दहा दिवसांच्या आत राहिला आहे.

मराठ्यांच्या फौजांनी हीच पद्धत उचलली आणि तिला पंचांगातले एक कायमचे घर दिले. दसरा हा साडेतीन मुहूर्तांतला, त्याला जोशी लागत नाही. पाऊस संपलेला, नद्यांना उतार पडलेला, खरिपाचे पीक हाताशी येत असलेले. खंडेनवमीला शस्त्रे पुजायची आणि दुसऱ्या दिवशी शीव ओलांडून शमीची पूजा करायची. पण शीव ओलांडून पुढे कुणी जात नसे, सोने लुटून सगळे घरी परत येत. सीमोल्लंघन म्हणजे सगळ्या दौलतीने मिळून ठेवलेले प्रस्थान होते, असे मला वाटते. त्या एका दिवशी सर्वांच्या नावाने निघून झाले की पुढे ज्याच्या पागेची, ज्याच्या पैशाची तजवीज जेव्हा होईल तेव्हा त्याने कूच करावे. इंदूरला दसरा मैदान हे नाव टिकून आहे, आणि होळकरांची स्वारी शमीपूजनाला तिकडेच जाई. मोहीम ठरली की पहिली हालचाल असे ती डेरे बाहेर पडण्याची. पुण्यात गावाबाहेर गारपिराच्या माळावर फौजांचे तळ पडत. श्रीमंत डेरेदाखल झाले, ही त्या काळच्या कागदांतली नेहमीची बातमी आहे, आणि तिचा अर्थ श्रीमंत गेले असा होत नाही. ते वाड्यातून उठले आणि हाकेच्या अंतरावर कापडाखाली जाऊन बसले, एवढाच होतो. सरदारांना, सावकारांना आणि शत्रूच्या वकिलाला मात्र त्यातून जे कळायचे ते कळे.

इथे एक आक्षेप सरळ उभा राहतो. मोठ्या फौजेला पहिला मुक्काम जवळच करावा लागतो, त्याला धर्माचा किंवा पंचांगाचा काय संबंध? इराणातल्या काफिल्यांचाही पहिला टप्पा मुद्दाम आखूड असे, म्हणजे विसरलेली वस्तू आणायला माणूस मागे धाडता यावा. ही गोष्ट खरी आहे, आणि तिने माझे म्हणणे अर्धे सिद्धच होते: थांबण्याची गरज सर्वत्र होती. राहिलेले अर्धे असे, की नुसत्या गरजेने माणसे वेळेवर जमत नाहीत. काफिल्याला कारवानचा म्होरक्या असतो, त्याला मजुरी मिळते. पण पेशव्यांची फौज म्हणजे निरनिराळ्या सरदारांची पथके. त्यांतले निम्मे हिशेबावरून रुसलेले. त्यांना हुकमाने अमुक दिवशी या असे म्हटले तर हजार सबबी निघत. मुहूर्त मात्र हुकूम नसतो. तो कुणी दिलेला नाही, म्हणून तो मोडला तर कुणाची जिरवल्याचे समाधानही मिळत नाही. निघायची तारीख सगळ्यांच्या वर कुठेतरी ठरलेली असणे, आणि तरी त्या तारखेला प्रत्यक्ष निघावे न लागणे, ही जुळणी गरजेतून आपोआप होत नाही. ती घडवावी लागते.

दुसरा पुरावा जरा अडचणीचा आहे, पण टाळण्यासारखा नाही. विल्यम स्लीमन याने 1836 साली कलकत्त्यात छापलेल्या ‘रामसीयाना’ या पुस्तकात ठगांच्या निघण्याचा विधी दिला आहे. ब्राह्मणाकडून दिवस आणि दिशा काढून घ्यायची. म्होरक्याने पाण्याने भरलेला तांब्या दोरीने तोंडात धरून उजव्या हाताशी लोंबता ठेवायचा, डाव्या हातात रुमालात बांधलेले हळकुंड, रुपया, तांब्याचे नाणे आणि टोळीची कुदळ छातीशी धरायची आणि सांगितलेल्या दिशेला गावाबाहेरच्या शेतात किंवा बागेत जायचे. तिथे शकुन पाहून त्याने सुमारे सात तास बसून राहायचे. तोवर बाकीच्यांनी त्याला जेवण आणून द्यायचे आणि निघायची तयारी पुरी करायची. स्लीमनने कबुलीजबाबांवरून जे लिहिले त्यातले किती खरे आणि किती कंपनी सरकारच्या सोयीचे, याबद्दल आजचे इतिहासकार सावध आहेत, आणि ते असावेच. पण हा तपशील कुणाला फासावर चढवण्याच्या उपयोगाचा नव्हता. आणि तो रचलेला असेल तरी रचणाऱ्याने आजूबाजूच्या शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या घरचा रिवाजच वापरला असणार: नव्या फडक्याऐवजी रुमाल, शस्त्राऐवजी कुदळ, पाच दिवसांऐवजी सात तास. टोळी लहान म्हणून मुक्काम लहान. राम दैवज्ञाने राजा आणि प्रजा यांत जो फरक केला, तोच हिशेब इथेही लागू पडतो. शिवाय या टोळ्यांत मुसलमानही होते. त्यांच्या घरी प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला इमाम जामिनचे नाणे कापडात बांधतात आणि सुखरूप पोचल्यावर ते दान करतात. हा रिवाज आजही आहे. कापडात बांधलेले नाणे दोन्हीकडे सारखे दिसते, पण इमाम जामिनचे नाणे प्रवाशाबरोबर जाते आणि प्रस्थानाचे नाणे त्याच्या आधी निघून वाट पाहत बसते. फरक लहान दिसतो, परंतु एकात रक्षण मागितले आहे आणि दुसऱ्यात वचन दिले आहे.

हे वचन आणि हा मुक्काम अजून जिवंत कुठे पाहायचा असेल तर ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीला जावे. आदल्या दिवशी, सप्तमीला, देहूत तुकोबांच्या पालखीचे प्रस्थान झालेले असते आणि ती देवळातून निघून इनामदारवाड्यात मुक्कामाला गेलेली असते. आळंदीत दुपारपासून मानाच्या दिंड्या देवळात शिरू लागतात. अंकलीहून दहा-अकरा दिवस चालत आलेले शितोळे सरकारांचे अश्व आत येतात. टाळमृदंगाने भिंती हलताहेत असे वाटते, पादुका पालखीत विराजमान होतात, वीणामंडपातून पालखी बाहेर पडायला संध्याकाळ होऊन जाते. प्रदक्षिणा होते. आणि मग लाखभर माणसांनी जिच्यासाठी दिवसभर श्वास रोखलेला असतो ती पालखी गावातल्या गावात, आजोळघरी, रात्रीच्या मुक्कामाला उतरते. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, आणि पहिल्या दिवसाची मजल काही पावलांची. दुसऱ्या दिवशी ती पुण्याकडे निघते आणि पुण्यातही दोन रात्री राहते. तोवर मागे राहिलेल्या दिंड्या येऊन मिळतात, ट्रक भरले जातात, पीठ-मीठ, तंबू, औषधे जागेवर येतात. देवाच्या दारात या पद्धतीला भक्तीचा अर्थ आहे: आजोळी जाऊन मगच पुढे जायचे. त्या अर्थाला धक्का लावायचे कारण नाही. पण पद्धत आली कुठून हे पाहिले तर धागा थेट छावणीत जातो. सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, 1832च्या सुमारास. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. घरी परतताना सातपुड्यात दरोडेखोरांच्या हाती सापडले, सुटले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी माउलींना वाहिले, अशी परंपरा सांगते. तळ, नगारा, चोपदार, रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रम, तळावरून हलताना तीन वेळा होणारा इशारा, शितोळ्यांचे घोडे आणि तंबू, हे सारे मराठी लष्कराचे सामान आहे. उत्तरेच्या छावणीत उभी हयात काढलेल्या माणसाने वारीला लष्कराची शिस्त दिली, आणि त्या शिस्तीतली पहिली चाल म्हणजे डेरेदाखल होणे.

अंधश्रद्धेचा आक्षेप अजून राहिला आहे. लोकहितवादींनी आणि आगरकरांनी मुहूर्ताच्या नादावर जे कोरडे ओढले ते फुकट ओढले नव्हते. वैद्याकडे न्यायचा माणूस वार चुकतो म्हणून घरात ठेवणे किंवा शत्रू दारात आला असताना नक्षत्र मोजत बसणे, असले प्रकार घडले आहेत आणि त्यांची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. त्यांचे समर्थन करायचा प्रश्न येत नाही. पण टीका करताना एक गोष्ट निसटली असे मला वाटते: मुहूर्ताच्या या जाचावर समाजाने त्याच्याच भाषेत शोधलेला उतारा म्हणजे प्रस्थान. जो समाज मुहूर्त मानतो त्याला मुहूर्त सोडून दे असे सांगणे एक. आणि मुहूर्तावर सुपारी पाठव, तू सवडीने जा, असे सांगणे दुसरे. दुसऱ्याने काम लवकर होते. हे आगगाडी आली तेव्हा चांगले कळले असणार. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोट रुपये साडेचार टक्क्यांनी 101 वर्षांच्या बोलीने इंग्रज सरकारला दिले आणि खांडव्याहून इंदूरचा लोहमार्ग 1870च्या दशकात झाला. आता गाडीची वेळ ठरलेली. ती वेळ त्या काळी रेल्वेच्या मद्रास टाइमाची, म्हणजे इंदूरच्या सूर्यापेक्षा सुमारे सतरा मिनिटे पुढे. जोश्याची घटका चोवीस मिनिटांची आणि ती मोजायची इंदूरच्या सूर्योदयापासून. अमृतवेळ पहाटे आणि गाडी दुपारी, असा पेच पडला तर गाडी काही थांबणार नव्हती. गाठोडे थांबू शकत होते. रेल्वेने प्रस्थानाचा अंमल संपवला असे सरसकट म्हटले जाते. पहिल्या पिढीपुरते तरी उलट झाले असले पाहिजे, कारण ज्या पेचासाठी हा रिवाज होता तोच पेच रेल्वेने रोजचा करून ठेवला. तो सुटत गेला तो पुढे, प्रवास स्वस्त आणि वारंवार झाला तेव्हा. आठवड्यातून दोनदा भोपाळला जाणारा माणूस सुपारी कुठे कुठे ठेवणार?

मग त्याने माणसाऐवजी गाडीचेच प्रस्थान एकदाचे ठेवून टाकले. खजरान्यासमोरची रांग ही अशी घडली, असा माझा तर्क आहे. क्षत्रियाने शस्त्र पुढे पाठवावे या नियमाला आणि खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला ती सख्खी नातलग आहे. दसऱ्याला इंदुरात जितकी हत्यारे पुजली जात असतील त्याच्या कितीतरी पट वाहने पुजली जातात. यावर कुणी म्हणेल, की इथे कुणी कुठे निघालेले नाही, हा तर विम्याचा हप्ता आहे: पुढच्या सगळ्या खड्ड्यांबद्दल आणि रिंग रोडवरच्या ट्रकांबद्दल बाप्पाला आगाऊ भरलेला. हे मान्य करावे लागते. मुहूर्त राहिला, देऊळ राहिले, लिंबू-नारळ आले. पण मुक्काम गेला, आणि त्याबरोबर पाच दिवसांच्या मुदतीची शिस्तही गेली. खजरान्यात प्रस्थानाचे कवच आहे, आळंदीत त्याचा गर. मुक्कामाचा खरा अंश इंदूरच्या बाजारात सापडतो, तोही जिथे कुणी शोधणार नाही अशा जागी. पुष्य नक्षत्राला सराफ्यात आणि वाहनांच्या शोरूममध्ये जी झुंबड उडते तिच्यातले अनेक जण त्या दिवशी घरी काहीच नेत नाहीत. मुहूर्तावर टोकनची रक्कम भरतात, पावती घेतात आणि वस्तू सोयीने, कर्ज मंजूर झाल्यावर उचलतात. काउंटरवर ठेवलेले ते हजार-दोन हजार रुपये म्हणजे शेजाऱ्याच्या कोनाड्यात ठेवलेली सुपारीच आहे. टोकनालाही मुदत असते. ती टळली तर पैसे बुडतात. राम दैवज्ञाला हे समजावून सांगायला फार वेळ लागला नसता.

या सगळ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांशी रोकडा संबंध आहे, म्हणून एक विनंती. जुन्या मोहिमांचा वेग काढताना आपण निघाल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख घेतो, मधले कोस दिवसांनी भागतो आणि अमुक सरदार रेंगाळला, तमुक विजेसारखा गेला असे निवाडे देतो. निघाल्याची म्हणून नोंदलेली तारीख पुष्कळदा प्रस्थानाची असते, कूच करण्याची नव्हे. औरंगजेबाची 6 डिसेंबर ही तारीख धरली तर हिशेबात सहा दिवसांची चूक सुरुवातीलाच बसते, आणि ती आपल्याला माहीत झाली ती केवळ एका फ्रेंच माणसाने थांबल्याचेही लिहिले म्हणून. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी छापलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे आणि वासुदेव वामन ठाकूरांनी संपादलेली होळकरशाहीच्या इतिहासाची साधने पुन्हा वाचताना डेरेदाखल झाल्याची आणि कूच केल्याची अशा दोन तारखा दोन रकान्यांत मांडाव्यात. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर इथल्या ज्या घरांत तीर्थयात्रांच्या खर्चाच्या वह्या शिल्लक असतील त्यांनीही त्या रद्दीत घालण्याआधी पहिले पान उघडून पाहावे. प्रस्थानाच्या दिवशीची जोश्याची दक्षिणा आणि पहिल्या बैलगाडीचे भाडे, या दोन नोंदींमध्ये किती दिवसांचे अंतर आहे, तेवढे टिपून ठेवले तरी खूप झाले.